ॲड-ऑन आणि पांढरं कापड

माझं आणि माझ्या मैत्रिणीचं नदीकाठी एक घर आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर कंदील. संध्याकाळ झाली की तो आपसूक लागतो. मागच्या अंगणात निळ्या पानांचं झाड आहे, त्याला काय म्हणतात ते आम्हाला अजून कळलेलं नाही. नदीवर दुपारभर धुकं असतं, आणि धुक्यातून मधूनच एक हरीण येऊन आमच्याकडे बघत उभं राहतं. घर कुठे म्हणून कोणी विचारलं तर मी सांगते, परळलाच. माझ्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, लॅपटॉपच्या आत.

हा खेळ नातीने शिकवला. ऑनलाइन आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या अंगात शिरायचं आणि जगभरच्या लोकांबरोबर जंगलं, डोंगर, किल्ले पालथे घालायचे. माझी तिरंदाज आहे. कमरेपर्यंत रुपेरी केस, गुडघे शाबूत. मैत्रिणीची वैद्यीण आहे, ती झाडपाला गोळा करते आणि लढाईत जखमी झालेल्यांना बरं करते. नात आमच्या टोळीची नाईक. टोळीतली बाकीची मंडळी नातीच्या वयाची, आम्हा दोघींना सगळे ‘आजी’च म्हणतात. कोणती आजी ते लढाई कुठली आहे त्यावरून ठरतं.

मैत्रीण लालबागची, बोलता बोलता मालवणीवर येणारी. पाच वर्षांपूर्वी लेकीकडे बंगळूरला गेली. सुरुवातीला आम्ही फोनवर बोलायचो, पण फोनवर दोन म्हाताऱ्या किती बोलणार? बीपी, गुडघे, तुझ्याकडे पाऊस का, आमच्याकडे ऊन. बोलणं नुसतंच समोरासमोर बसलेलं असायचं. हाताला काही काम नसलं की आम्हा दोघींना बोलताच येत नाही, ही आमची जुनी खोड. खेळात हाताला काम मिळालं. कानाला हेडफोन लावायचे, ती पाला खुडते, मी कोल्ह्यांवर बाण सोडते, आणि मग बोलणं आपोआप सुटतं. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी लॅपटॉप उघडते आणि कानात येतं, “काय गो, इलंस?”

गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं चालू झाली, पण हात काही ऐकेना. माऊस एकदा दाबायचा तर चारदा दाबला जायचा. पाला खुडायला वाकलेली वैद्यीण उठायची, बसायची, पुन्हा उठायची. एकदा भर लढाईत तिने औषध द्यायचं सोडून शत्रूला नमस्कार केला, कारण नमस्काराचं बटण शेजारीच होतं. आम्ही सगळे मेलो. टोळीतली पोरं हसली, तीही हसली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आली आणि ओट्यावर वैद्यिणीला बसवून म्हणाली, “मी आता बंद करते गो. माझ्यामुळे तुमची सगळ्यांची पंचाईत.”

मी म्हटलं, “आणि घराचं काय?”

“घर तू बघ. तू तर आहेस.”

मला कंदिलाचं वाईट वाटलं. एकटीसाठी लागणारा कंदील मला नको होता.

मी नातीपाशी रडगाणं गायले. तिने शोध घेतला आणि एक ॲड-ऑन काढून आणलं. खेळ बनवणाऱ्या कंपनीचं नाही, बाहेरच्या कोणीतरी तयार करून फुकट ठेवलेलं. मूळ साडीला खालून फॉल लावावा तसं ते खेळाला जोडायचं. त्याने अक्षरं मोठी होतात, संकट आलं की पडद्याच्या कडा तांबड्या होतात, थरथरत्या हाताने बटण चारदा दाबलं तरी ते एकदाच धरतं. आणि शेवटची करामत म्हणजे, कुठे जायचं ते सांगितलं की पात्र स्वतःच चालत तिथे जातं, वाटेतला पालाही खुडतं. माणसाने हात मांडीवर ठेवून बसावं.

“पण आजी, एक लोचा आहे,” नात म्हणाली. “बाहेरचं काही लावलेलं कंपनीला खटकलं ना, तर अकाउंट कायमचं बंद. घर पण गेलं. तुमच्या दोघींच्या नावावर आहे ते. म्हणून आधी नीट तपासायला पाहिजे, आणि मला ऑफिसातून वेळ नाही. तू टेस्टिंगमधली ना? तूच बघ. पास म्हणालीस तर तिला देऊ.”

टेस्टिंगमधली. हा शब्द ऐकून माझी पाठ आपोआप ताठ झाली, आणि ती ताठ झालेली पाहून मला हसू आलं, कारण ती पाठ मी ओळखते. ती बावीस वर्षांच्या एका पोरीची आहे.

ती पोरगी गिरगावातून लोअर परळच्या एका गिरणीत नोकरीला लागली. रंगखात्याला लागून प्रयोगशाळा होती, तिथे. बी.एस्सी. झालेली, केमिस्ट्रीत बरे मार्क, त्यामुळे डोकं जरा वरच्या मजल्यावर. पांढरा एप्रन मिळाला तर तो संध्याकाळी खुंटीला टांगून यावं की नाही? नाही. हातावर घडी घालून, खिशावरचा डाग लोकांना दिसेल अशा बेताने, गिरगावापर्यंत मिरवत आणायचा. वाडीतल्या बायकांनी विचारावं, हा कसला गं डाग? मग हिने सांगावं, व्हॅट डाय. कोणाला काही कळू नये हीच इच्छा, आणि कोणाला कळतही नसे. आता ती समोर आली तर मी तिचा एप्रन काढून घेऊन ओटा पुसेन.

काम होतं रंग पक्का आहे का ते बघायचं. रंगवलेल्या कापडाची पट्टी घ्यायची, साबणाच्या कोमट पाण्यात घुसळायची. एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर उन्हात ठेवायची. एक घासून बघायची. आणि या सगळ्याआधी प्रत्येक पट्टीला शेजारी एक पांढरं कापड टाके घालून शिवायचं, रंग सुटला तर त्यावर दिसावा म्हणून. ही शेवटची गोष्ट पोरीला अपमानाची वाटे. ती रंगखात्याच्या मास्तरांना म्हणाली होती, “सर, मी सायन्स केलंय. शिवणाचा क्लास नाही.” मास्तर शांत माणूस. त्यांनी तिच्याकडे सुई दिली आणि म्हणाले, “बाई, रंग एकटा धुतला तर चांगलाच दिसतो. तो काय करतो ते शेजारच्याला विचारायचं असतं.”

शेजारच्या टेबलावर जी मुलगी काही न बोलता टाके घालत बसली होती ती माझी मैत्रीण. तीही बी.एस्सी., त्याच आठवड्यात लागलेली. तिचे टाके माझ्याहून वाकडे असत, कारण तिचं लक्ष खिडकीबाहेर. रंगखात्यामागे एक उघडं गटार वाहायचं आणि त्यात त्या दिवशी जो रंग चालू असेल तो वाहायचा. सकाळी हिरवं, दुपारी विटकरी, कधी दोन रंग एकदम सुटले की मधोमध एक जांभळी शेव. वर गरम वाफ. जेवायच्या सुट्टीत आम्ही कॅन्टीनला निघालो की ती सरळ न येता मागच्या बाजूने, गटाराकाठून यायची. भोंगा होऊन गेलेला, बटाट्याची भाजी संपलेली, आणि ही आपली सावकाश येऊन सांगायची, “आज जांभळं होतं गो.” मी म्हणायचे, “तुझ्या वाटणीची पोळी वाळली.” मी नेहमी जवळच्या वाटेने जायचे. पहिल्या पंगतीला बसायचे.

आता त्या जागी काचेची इमारत आहे. योगायोग असा की नात तिथेच कामाला जाते. एकदा तिने मला तिच्या मजल्यावर नेलं होतं. पायाखाली गालिचा, हवेत कॉफी. खिडकीतून गिरणीची जुनी चिमणी दिसत होती, शोभेला म्हणून ठेवलेली, बुंध्याशी दिवे लावलेले. मी अंदाज घेत घेत एका ठिकाणी उभी राहिले. माझ्या हिशोबाने गटार बरोबर तिथून जायचं. तिथे पाण्याचं यंत्र होतं. नातीने मला ग्लास भरून दिला. पाण्याला काही रंग नव्हता, आणि मी किती तरी वेळ त्यात बघत राहिले. “आजी, पी ना,” ती म्हणाली. “स्वच्छ आहे.”

तर ॲड-ऑन.

मी पद्धतशीर चाचणी घ्यायची ठरवलं. आपल्या खऱ्या पात्राला हात लावायचा नाही, हे नातीने बजावलं होतं. म्हणून नवं अकाउंट उघडून एक नमुना केला, टकलू बुटका, ज्याचं काही झालं तरी चालेल असा. आधी बघितलं, ॲड-ऑन पासवर्ड मागतं का. नाही मागत. मग लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते वाचलं. निम्मे खूश, निम्मे भांडत होते, म्हणजे माल खरा. मग बुटक्याला घुसळला. पावसात नेला, गर्दीच्या बाजारात नेला, कड्याच्या टोकावर नेऊन म्हटलं, जा बाबा पलीकडे. तो वळसा घालून गेला. मी माझा हात मुद्दाम थरथरवून बटणं दाबली. त्याने एकदाच धरलं. त्याला सकाळभर एकट्याला चालत ठेवून मी भेंडी चिरली. परत येऊन बघते तर पोतंभर पाला खुडून कट्ट्यावर बसलेला. आठवडाभर लावून ठेवला, अकाउंटला काही झालं नाही.

मी नातीला सांगितलं, “पास. रंग पक्का.” पाठ पुन्हा ताठ.

तिने बंगळूरच्या लॅपटॉपवर ते बसवून दिलं, इथूनच, फोनवर सांगत सांगत. आणि दुसऱ्या दुपारी आम्ही दोघी निघालो. डोंगरापलीकडच्या गावातली एक मुळी आमच्या टोळीला हवी होती. मैत्रिणीने जागा सांगितली, हात मांडीवर ठेवले, आणि वैद्यीण चालायला लागली. काय चाल होती. ना अडखळणं, ना उठाबशा. मला तिच्याबरोबर राहायला पळावं लागलं. “बघ,” मी म्हटलं, “राणीसारखी चाललीयेस.”

“बरां वाटतां गो,” ती म्हणाली. “हात पडून आसा, आणि मी चलतंय.”

मी बोलायला लागले. खूप साठलं होतं. हिंदमाताला साडी घ्यायला गेले आणि जाऊबाईंनी कसा पिस्ता रंग माझ्या गळ्यात मारला ते सांगितलं. नातीचं लग्न हा विषय घरात कसा कोणी काढत नाही ते सांगितलं. मग एरवी मी कोणाला सांगत नाही ते सांगितलं; की दिवेलागणीला मला अजून वाटतं, दारात यांच्या चपला वाजतील, आणि कुकर मी त्या हिशोबाने एक शिट्टी उशिरा बंद करते. वैद्यीण शेजारून चालत होती. पूल आला. पुलावरून सरळ गेली. शेत आलं. वाटेत पाला दिसला की वाकून खुडत होती, अगदी वेळेवर. मला वाटलं, ऐकतेय. अशा गोष्टी ऐकताना माणूस गप्पच असतं.

मग हेडफोनमधून एक बारीक, लांब शिट्टी आली. मला ती ओळखायला वेळ लागला, कारण कुकरचा विषय चालला होता. बाई घोरत होत्या.

ती बंगळूरला खुर्चीत गाढ झोपली होती, आणि तिची वैद्यीण डोंगर चढत होती.

तेवढ्यात समोरून एक परका गडी आला, अंगभर चिलखत घातलेला. त्याने वैद्यिणीला इंग्रजीत लिहून काहीतरी विचारलं, तिच्याकडे औषध आहे का असं. ती त्याच्या अंगाला घासून पुढे गेली. त्याने पुन्हा विचारलं. ती खाली वाकली, पाला खुडला, पुढे. मग त्याने लिहिलं, ही माणूस आहे की यंत्र? तक्रार करू का? कंदील, ओटा, निळं झाड, सगळं त्याच्या एका बटणावर. मी घाईघाईने लिहिलं, ती माझी बहीण आहे, तिला कमी ऐकू येतं. तो म्हणाला, पण मी लिहून विचारतोय. मी लिहिलं, दिसतंही कमी. मग त्याने लिहिलं, सॉरी, तब्येतीला जपा म्हणावं. मी माझ्याकडचं औषध त्याला दिलं, दोन बाटल्या जास्तच.

त्याला वाटेला लावून मी मागे पाहिलं तर वैद्यीण लांब गेली होती. सरळ वाट धरून, मान ताठ, पाठ ताठ. आणि मला एकदम कळलं की आपण पूल ओलांडला. इतक्या वर्षांत आम्ही तो पूल कधी ओलांडला नव्हता. मैत्रीण मला दरवेळी पुलाच्या अलीकडून खाली उतरवायची, नदीत, गुडघाभर पाण्यातून, कारण तिथे धुक्यात पाणी रंग बदलतं. मी दरवेळी कुरकुरायचे, उशीर होतोय म्हणून. आज उशीर झाला नव्हता. आम्ही, म्हणजे मी आणि ती समोरची मान ताठ बाई, वेळेवर पोचणार होतो.

त्या बाईला मी ओळखलं. हातावर एप्रन तेवढा नव्हता.

टकल्या बुटक्याला मी आठवडाभर धुतला, वाळवला, घासला. त्याच्या शेजारी पांढरं काही शिवलंच नव्हतं. एवढी वर्षं झाली, तरी शिवण टाळायची सवय काही जात नाही.

मी हेडफोनमध्ये मोठ्याने हाक मारली. घोरणं थांबलं. “खंय पोचलो?” ती म्हणाली.

“तुझी बाई पोचली. तू झोपली होतीस.”

“माका झोप लागली?” तिला आश्चर्यच वाटलं. मग जरा वेळाने, “तू काय सांगत होतीस?”

“पिस्ता रंगाचं,” मी म्हटलं. बाकीचं त्या दिवशी परत सांगवेना.

ती ओशाळली. म्हणाली, “बघ, म्हणूनच मी म्हणत होते. हाताने केलं तर सगळे मरतात, यंत्राने केलं तर मी झोपते. तू सोड माझा नाद.”

संध्याकाळी नात आली तेव्हा मी निकाल बदलल्याचं सांगितलं. तिने पर्स टेबलावर टाकली. “आजी, काल पास, आज नापास. तुमच्या गिरणीत असंच चालायचं?”

“सगळं नापास नाही. अक्षरं मोठी करणारं पास. थरथर सांभाळणारं पास. ते चालवणारं काढून टाक.”

“तेच बेस्ट आहे त्यातलं.”

“त्याच्यामुळेच अकाउंट जाईल.” मी चिलखतवाल्याची हकीकत सांगितली. बहिऱ्या बहिणीपाशी पोचल्यावर नात खुर्चीत आडवी होऊन हसली. मग तिने कंपनीचे नियम उघडून वाचले आणि गंभीर झाली. नियम असा होता की दाखवणारं, वाचायला मदत करणारं चालेल. माणसाच्या वतीने खेळणारं चालणार नाही. मोठ्या अक्षरांना आणि थरथरीला कोणाची हरकत नव्हती. एका माणसाला एकदाच बटण दाबायचं होतं, ते एकदाच धरलं जात होतं, एवढंच.

“पण मग ती चालणार कशी?” नात म्हणाली. “हाताने इतकं लांब नाही जमणार तिला.”

हा प्रश्न मी दुपारपासून उशाशी घेऊन बसले होते. उत्तर नातीकडेच निघालं. खेळात मुळातच एक सोय आहे, नव्या पोरांना वाट दाखवण्यासाठी दिलेली. एकाने दुसऱ्यावर बोट ठेवून ‘मागे चल’ म्हटलं आणि दुसऱ्याने बटण दाबून होकार दिला की पहिला नेईल तिथे दुसरा जातो. बाहेरचं काही लावावं लागत नाही. पहिला थांबला की दुसरा थांबतो. पहिला पाण्यात पडला तर दुसराही.

“म्हणजे मी तिला टाके घालून घ्यायची,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही. शिवणाचं आहे.”

मैत्रिणीला हे पटवायला मात्र दोन दुपारी गेल्या. तुझ्या मागेमागे फिरायला मी शेपूट आहे का, म्हणाली. मी म्हटलं, शेपूट मी. तू नुसती चालशील, कुठे जायचं ते तूच सांगायचंस. आणि झोप लागली तर लागू दे. मी थांबले की तूही थांबशील, कोणी आलं तर मी आहे बोलायला. तुला आता दिसतही कमी, ते लक्षात ठेव.

“मेले, काय काय सांगून ठेवलंस माझ्याबद्दल,” ती म्हणाली, आणि हसली, आणि मग थरथरत्या हाताने एकदाच बटण दाबलं. ते धरलं गेलं. वैद्यीण माझ्या तिरंदाजाच्या मागे येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिची सावली माझ्या पायात.

आता दुपारी आम्ही अशाच निघतो. अडचण एकच. वाट मी धरायची असते, आणि माझे पाय जवळच्या वाटेच्या सवयीने पुलाकडे वळतात. मग कानात येतं, “खाली घे गो, खाली.” मी उतरते. नदीत धुकं असतं, वाफेसारखं, कोमटच असावं असं वाटतं. पाणी आधी हिरवं दिसतं. मधे मधे ती गप्प होते, तेव्हा मी पाणी हलवत नाही, कान देऊन बघते, शिट्टी आली का. नसली तर थांबून एकेक राहिलेलं सांगते. चपलांचं सांगून झालं. कुकरचंही. ती म्हणाली, “एक शिट्टी जास्त झाली म्हणून भात काय बिघडत नाही.”

परवा किल्ल्यापाशी सगळी टोळी जमली होती आणि आमचा पत्ता नव्हता. नातीने जेवायच्या सुट्टीत त्या काचेच्या इमारतीतून खेळ उघडला होता. तिचा आवाज कानात आला. “आजी, कुठे आहात दोघी? सगळे थांबलेत. लढाई सुरू व्हायची वेळ झाली.”

“येतोय,” मी म्हटलं. “जरा मागच्या बाजूने येतोय.”

“का पण?”

मी विचारलं, “काय गो, काय सांगू हिला?”

बंगळूरला ती पाणी बघत होती.

“सांग तिका,” ती म्हणाली, “आज जांभळां आसा.”